वादळी पावसात तंबू दर वेळी ओला होतो: पाणी कुठून येतं आणि विजेचं काय करायचं

तक्रार दर वेळी तीच असते. संध्याकाळी तंबू नीट उभा केला, रात्री गडगडाट सुरू झाला, तासाभरात पायाशी ओलं लागलं आणि पहाटेपर्यंत स्लीपिंग बॅगचं खालचं टोक चिंब भिजलं. सकाळी सगळ्यांचं एकच निदान ठरतं: तंबू गळतो. मग शिवणींवर काहीतरी थापलं जातं, नाहीतर सरळ नवा तंबू घेतला जातो, आणि पुढच्या पावसात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या बाबतीत हे तीन वेळा झालं. पहिल्या वेळेनंतर मी सगळ्या शिवणी बंद केल्या. दुसऱ्या वेळेनंतर फ्लायवर, म्हणजे तंबूवर वरून टाकतो त्या जलरोधक कापडावर, पाणी झटकणारा फवारा मारला. तिसऱ्या वेळी पाठीखाली गार लागल्यावर मी टॉर्च लावला, मॅट बाजूला सारली आणि तंबूच्या तळावर पंजा टेकवला. तळाखाली पाणी होतं. हात दाबला की ते बाजूला सरकायचं, उचलला की हळूच परत यायचं. वरून एक थेंबही आत आलेला नव्हता. तंबूखाली अंथरलेली ग्राउंडशीट डोक्याच्या बाजूने जेमतेम चार बोटं बाहेर राहिली होती. फ्लायवरून ओघळणारं पाणी त्या चार बोटांवर पडत होतं आणि तिथून सरळ माझ्या पाठीखाली जात होतं. दोन वर्षं मी छप्पर दुरुस्त करत होते आणि पाणी खालून येत होतं.

त्या रात्री आणखी एक चूक झाली आणि ती ओलं होण्यापेक्षा कितीतरी गंभीर होती. वीज चमकणं आणि कडाडणं यांत चार-पाच सेकंद जात होते, आणि मी गुडघ्यांवर बसून पाणी शोधत होते. गाडी शंभर पावलांवर उभी होती. तंबू आतून कोरडा राहिला की आपण सुरक्षित, असं मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं. ते खरं नाही. तंबू पाणी अडवतो. विजेपुढे तो नसल्यातच जमा. म्हणून या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगते, आणि आधी वीज, कारण भिजलेलं सगळं दुसऱ्या दिवशी वाळवता येतं.

गडगडाट ऐकू आला

आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि ३ ने भागायचं. तेवढे किलोमीटर वीज दूर. ३० सेकंद म्हणजे १० किलोमीटर. ऐकायला हे अंतर भरपूर वाटतं, पण वीज पावसाच्या मुख्य सरीपासून १० किलोमीटर आणि कधी त्याहूनही लांब पडते, डोक्यावर आकाश मोकळं दिसत असतानाही. म्हणून सेकंद मोजायचे ते वादळ जवळ येतंय की लांब जातंय एवढं कळण्यासाठी. निघायचं की नाही हे त्यावरून ठरवू नका. गडगडाट कानावर आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, तेव्हाच उठायचं.

जायच्या जागा दोनच. एक, भिंती, छप्पर, विजेच्या तारा आणि नळ असलेली पक्की इमारत. दुसरी, धातूचं छत असलेली बंद गाडी. गाडी वाचवते ती रबरी टायरांमुळे, हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. कित्येक किलोमीटर हवा ओलांडून आलेल्या विजेला वीतभर रबर काय अडवणार? वाचवतो तो गाडीचा धातूचा सांगाडा. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये धातूच्या पत्र्याने मढवलेली खोलीएवढी पेटी बनवून दाखवून दिलं होतं की विद्युतभार अशा पेटीच्या बाहेरच्या अंगावरच राहतो, आत उतरत नाही. गाडीत नेमकं हेच होतं. काचा पूर्ण वर, हात मांडीवर, दाराच्या धातूला किंवा चार्जिंगला लावलेल्या फोनला स्पर्श नाही. कापडी छताची गाडी, फायबरच्या बॉडीची गाडी, दुचाकी यांचा उपयोग नाही. चार खांबांवरचं उघडं छप्पर पावसाला पुरतं, विजेला पुरत नाही.

शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. मध्ये पुन्हा एकदा जरी गडगडलं, तरी घड्याळ शून्यापासून सुरू. पाऊस थांबला आणि लोक भांडी आवरायला बाहेर आले, ही वेळ धोक्याची असते. वादळ सरकलेलं असतं, संपलेलं नसतं.

आता तंबू का चालत नाही ते बघू. "आमच्या तंबूचे पोल फायबरचे आहेत, धातूचे नाहीत" हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. पोल कशाचा आहे याने फारसा फरक पडत नाही. वीज कुठे पडणार हे उंची, एकटेपणा आणि टोकदारपणा यांवर जास्त ठरतं. शिवाय विजेने जखमी होणाऱ्यांपैकी थेट अंगावर वीज पडलेले थोडेच असतात. जास्त जणांना ती गाठते जमिनीतून. वीज झाडावर किंवा मोकळ्या जागेत पडते आणि तिचा प्रवाह जमिनीत चहूबाजूंना पसरतो. त्या जमिनीवर तुमच्या शरीराचे दोन भाग जितके लांब टेकलेले, तितका त्या दोन ठिकाणांमधला विजेचा दाब जास्त, आणि तितका जास्त प्रवाह अंगातून जातो. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावर एका वादळात ३२३ रेनडिअर एकाच ठिकाणी मेलेले सापडले. वादळात ते एकमेकांना बिलगून उभे होते, आणि चार पायांच्या प्राण्याचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब टेकलेले असतात. आता तंबूत आपण कसे असतो ते आठवा: जमिनीवर पूर्ण लांबीने आडवे, शेजारी शेजारी. खाली बोटभर फोमची मॅट आहे यावर भरवसा ठेवू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका गोष्टीची. पावसात कोरडं राहायला जे जे आपोआप सुचतं, ते जवळजवळ सगळं विजेत उलट पडतं. एकट्या मोठ्या झाडाखाली पाऊस कमी लागतो, म्हणून तंबू तिथे. झाडावर वीज पडली की ती खोडावरून बाजूच्या माणसावर उडी मारते आणि मुळांवाटे जमिनीत पसरते. कपारीच्या तोंडाशी आडोसा मिळतो, म्हणून तिथे दाटीवाटीने उभं राहायचं. कड्यावरून येणारी वीज तेच तोंड ओलांडून जाऊ शकते. मुलं घाबरली म्हणून सगळे एकाच तंबूत एकमेकांना धरून बसतात. माया म्हणून हे अगदी खरं आहे, पण एकाच वेळी सगळ्यांना धक्का बसला तर मदत करायला कोणीच उरत नाही.

गाडी नाही, इमारत नाही, एका दिवसाच्या चालीवर काहीच नाही, अशी वेळ डोंगरात येते. तेव्हा धोका संपवता येत नाही, कमी करता येतो. माथा, सोंड, मोकळं मैदान आणि पाण्याचा काठ सोडा. एकट्या झाडापासून दूर व्हा. साधारण सारख्या उंचीच्या ठेंगण्या झाडांच्या दाट पट्ट्यात, पण कुठल्याही खोडाला न चिकटता थांबा. तारेचं कुंपण, धातूचे खांब यांपासून लांब. एकमेकांत किमान १५ मीटर अंतर ठेवा, हाक ऐकू येईल इतपत. अंगावरचे केस उभे राहू लागले, टोचल्यासारखं झालं किंवा धातूच्या वस्तूंमधून बारीक गुणगुण ऐकू आली, तर क्षणाचाही वेळ नाही: दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, टाचा एकमेकींना टेकलेल्या, डोकं खाली, कान झाकलेले. आडवं पडायचं नाही. हे आसन म्हणजे दुसरं काहीच हाती नसतानाचा शेवटचा उपाय आहे. त्याच्या भरवशावर मोकळ्या जागेत थांबून राहू नका.

म्हणून निर्णय झोपण्याआधी घ्या. अंदाजात मेघगर्जना आहे आणि गाडी जवळ आहे, तर मी सरळ गाडीत झोपते. सीट मागे पाडून काढलेली अवघडलेली रात्र मला चालते. तंबूतच झोपायचं असेल तर गाडीची किल्ली, बूट, रेनकोट आणि टॉर्च दाराशी, रोज त्याच कोपऱ्यात. अंधारात, पाऊस कोसळत असताना किल्ली शोधण्यात गेलेली पाच मिनिटं फार मोठी असतात.

कोणावर वीज पडलीच तर हे ध्यानात असू द्या: त्या व्यक्तीच्या अंगात वीज साठून राहत नाही. लगेच हात लावता येतो, लावायलाच हवा. आपत्कालीन मदतीला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करा, किमान ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. येत असेल तर तोंडाने श्वासही द्या, कारण विजेच्या धक्क्यात हृदय पुन्हा सुरू झालं तरी श्वास बंदच राहू शकतो. एकापेक्षा जास्त जण पडले असतील तर निपचित पडलेल्याकडे आधी जा. जो कण्हतो आहे तो श्वास घेतो आहे. जो मेल्यासारखा दिसतो त्यालाच लगेच मदत मिळाली तर वाचण्याची शक्यता असते. विजेचा धक्का बसलेल्यांपैकी बहुतेक जण जगतात.

आता पाणी: कुठून येतंय?

गळणं, पाझरणं आणि दव धरणं ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांवरचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. रोग न ओळखता औषध लावलं म्हणून माझी दोन वर्षं गेली. पाऊस चालू असताना, वादळ लांब गेल्याची खात्री झाल्यावर, टॉर्च घेऊन आतून नीट बघा.

*तळ ओला आहे, भिंती कोरड्या आहेत.* हात टेकवून बघा. खाली पाणी हलतं का? मग ग्राउंडशीट तपासा. ती तंबूच्या तळापेक्षा सगळ्या बाजूंनी तीन-चार बोटं लहान असायला हवी. मोठी असेल तर कडा आत, खालच्या बाजूला दुमडा, वर नाही. वर दुमडली तर पन्हाळच तयार होतं. बाहेर टोकसुद्धा दिसता कामा नये. ग्राउंडशीट बरोबर आहे आणि तरीही तळ ओला, तर गुडघा किंवा कोपर टेकतो तिथे जास्त ओलं आहे का ते पाहा. कापडाची जलरोधकता मिलिमीटरमध्ये देतात: कापडावर पाण्याचा उभा स्तंभ केला तर किती उंचीनंतर पाणी पलीकडे झिरपू लागतं, तो हा आकडा. १५०० म्हणजे दीड मीटरचा स्तंभ. पावसाच्या थेंबांना तेवढं पुरतं, पण ओल्या जमिनीवर टेकलेला गुडघा त्याहून जास्त दाब देतो. म्हणून चांगल्या तंबूंत तळाचा आकडा फ्लायपेक्षा मोठा असतो, ३००० किंवा ५०००. जुना तळ असा पाझरत असेल तर आतून एक जाड प्लॅस्टिकचं कापड अंथरा, कडा थोड्या वर येतील असं. दिसायला साधा उपाय आहे, पण रात्र निभावते.

*एकाच जागी थेंब पडतो, किंवा शिवणीवरून रेघ उतरते.* ही खरी गळती. शिवताना सुईने पाडलेली भोकं असतात. त्यांवरची पट्टी सुटलेली असते. फ्लाय उलटी करून आतली पट्टी बोटाने चाचपा, सुटलेला भाग टोकाशी उचलला जातो. उपाय कापडावरच्या लेपावर अवलंबून आहे आणि लोक इथेच फसतात. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला फक्त सिलिकॉनच धरतं. दुसरं काहीही लावा, काही दिवसांत पापुद्रा होऊन निघतं. शिवणीवर कारखान्यातूनच पट्टी चिकटवलेली असेल तर आतला लेप बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, त्याला त्याच जातीचं सीलर, म्हणजे शिवण बुजवायचा लेप. लावण्याआधी सुटलेली पट्टी सोलून काढा, शिवण स्पिरिटने पुसा, तंबू ताणून उभा असताना लावा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. घाईने गुंडाळलात तर कापडच कापडाला चिकटेल.

*सगळीकडे बारीक तुषार, छतावरही, कोपऱ्यातही.* जोराच्या पावसात असं वाटतं की पाणी कापडातून गाळून येतंय. बहुतेक वेळा ते पावसाचं पाणी नसतंच. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पाव ते अर्धा लिटर पाणी बाहेर टाकतो. चार जण आत, झिपा गच्च बंद, बाहेर गार पाऊस: ते सगळं बाष्प गार फ्लायच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसतं. वरून जोराची सर आली की कापड थरथरतं आणि हेच थेंब खाली झडतात. ओळखायची खूण अशी: फ्लायच्या आतल्या अंगावरून बोट फिरवा. थेंब एकसारखे, सगळ्या पृष्ठभागावर असतील तर ते दव आहे. याला सीलर लावून काही होत नाही. पाऊस असला तरी वरच्या खिडक्या उघड्या ठेवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची झिप वरून वीतभर उघडी ठेवा, ओले कपडे आत वाळत घालू नका. गारठा येईल म्हणून सगळं बंद करावंसं वाटतं, पण बंद तंबू जास्त भिजतो आणि म्हणून जास्त गार होतो.

*आतली भिंत एका पट्ट्यात ओली.* फ्लाय सैल पडून आतल्या कापडाला टेकली आहे. नायलॉन भिजलं की ताणलं जातं, हा त्याचा स्वभाव आहे. संध्याकाळी ढोलासारखी ताठ असलेली फ्लाय पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात पोट सोडते. पॉलिएस्टर असं फारसं करत नाही. नायलॉनचा तंबू असेल तर पहिल्या सरीनंतर दोऱ्या पुन्हा ओढायच्याच, यात दुसरा मार्ग नाही. विजा असतील तर ते काम त्या थांबल्यावर. आतून पाठपिशव्या आणि पाय भिंतीला टेकू देऊ नका. सुती कॅनव्हासचा तंबू असेल तर भिजलेल्या छताला आतून बोटही लावू नका. जिथे स्पर्श होतो तिथून पाणी पाझरायला लागतं. नवा कॅनव्हास पहिल्या मुक्कामाआधी घरी एक-दोनदा पूर्ण भिजवून वाळवायचा, म्हणजे धागे फुगून भोकं बुजतात.

*फ्लाय हाताला चिकट लागते, आंबूस वास येतो, आतून कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात.* लेप मेला आहे. ओलसर अवस्थेत गुंडाळून ठेवलेल्या पॉलियुरेथेनच्या कापडाचं असंच होतं. फवारे आणि सीलर यांवर पैसे घालवू नका, फ्लाय बदला.

*दाराशी थारोळं.* वारा कुठून आहे ते न बघता दार लावलं गेलं, किंवा ओले रेनकोट आत आले. एक लहान पंचा दाराशी ठेवा आणि ओलं सगळं फ्लाय आणि आतल्या दाराच्या मधल्या जागेतच राहू द्या.

कुठलंच लक्षण जुळत नसेल तर घरी तंबू उभा करा. एकाने बाहेरून नळीने पाणी सोडायचं, आधी खालून आणि मग हळूहळू वर, प्रत्येक बाजूला काही मिनिटं. दुसऱ्याने आत बसून पेन्सिलने खुणा करायच्या. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही.

जागा चुकली तर वरचं सगळं फुकट

सपाट, मऊ, जराशी खोलगट जागा झोपायला सगळ्यात छान वाटते. पाण्यालाही तीच आवडते. जमिनीकडे बघा: वाळलेली पानं, काड्या एका रेषेत जमल्या आहेत का, माती तडकून खपल्या झाल्या आहेत का? पाणी इथून गेलं आहे, पुन्हा जाईल. किंचित उतार आणि डोकं चढाच्या बाजूला, एवढं पुरतं. तंबूभोवती चर खणायची जुनी सवय सोडून द्या; जमिनीची नासाडी होते, कित्येक ठिकाणी त्याला बंदी आहे, आणि जागा योग्य असेल तर चराची गरजच पडत नाही.

कोरडा ओढा किंवा नदीचं पात्र यात कधीही तंबू नको, आकाश निरभ्र असलं तरी. वर कुठेतरी लांब पाऊस झालेला असतो आणि लोंढा कोरड्या वाळूवरून येतो. वेगाने वाहणारं घोटाभर, १५ सेंटीमीटर पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. साधारण ३० सेंटीमीटर लहान गाडी हलवतं. शेजारचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या, वरून घरघर ऐकू आली, तर तंबू सोडून उंचावर जा. सामान नंतर.

आणि वर बघा. वाळलेली फांदी, अर्धवट तुटून अडकलेलं खोड वादळी वाऱ्यात आधी खाली येतं.

वारा

पावसाच्या थोडं आधी एकदम गार झोत येतो, तो ढगातून खाली कोसळलेल्या हवेचा असतो. सगळ्यात जोराचे तडाखे तेव्हाच बसतात, त्यामुळे दोऱ्या ताणायला पावसाची वाट बघू नका. तंबूची निमुळती, ठेंगणी बाजू वाऱ्याकडे. पिशवीतून आलेल्या सगळ्या दोऱ्या लावा. बरेच लोक त्या गुंडाळलेल्याच ठेवतात. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं, दोरी तिच्या मुळाशी, जमिनीला टेकून. भिजून मऊ झालेल्या मातीत बारीक तारेच्या खुंट्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात, तिथे लांब आणि रुंद खुंट्या हव्यात. नसतील तर खुंटीवर जड दगड ठेवा. वाळूत दोरी एका काठीला मधोमध बांधा आणि काठी आडवी पुरा.

काय काहीही झालं तरी कोरडं राहिलं पाहिजे

झोपायचे कपडे, मोजे आणि स्लीपिंग बॅग. एवढंच. पाठपिशवीच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि तोंड पिळून बांधा. पाठपिशवीवरचं आवरण वाऱ्यात उडतं आणि पाठीकडून पाणी जातंच. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, म्हणून कडाक्याची थंडी नसतानाही ओला माणूस गारठतो. कोणी थरथरतोय, बोलताना अडखळतोय, साधी झिप त्याला लावता येत नाही, तर ओले कपडे उतरवा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम आणि गोड प्यायला द्या. पिसांची बॅग भिजली की तिची ऊब जवळजवळ संपते. सतत पावसात जाणाऱ्यांनी कृत्रिम धाग्यांची घ्यावी असं माझं मत आहे, जड असली तरी.

ऊब हवी म्हणून स्टोव्ह तंबूच्या आत पेटवू नका, कधीच नाही. कापड भुर्रकन पेटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोप येते आहे असंच वाटत राहतं. पावसात हे मोह होतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. शेकोटीचे निखारेही आत नकोत, विझत आलेले दिसले तरी.

सकाळी तंबू ओलाच गुंडाळावा लागला तर घरी पोचल्या पोचल्या उघडून टांगा, फ्लाय वेगळी, आतला वेगळा. दोन दिवस पिशवीत राहिला तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. सावलीत, वाऱ्यावर. दिवसभर कडक उन्हात ठेवाल तर कापड विरतं.

चौथ्या वेळी मी ग्राउंडशीटच्या कडा चारही बाजूंनी आत दुमडल्या, हाताने चाचपून बघितल्या, दोऱ्या ताणल्या, वरची खिडकी उघडी ठेवली. रात्री दीडच्या सुमारास दूरवर गडगडलं. मोजलं, २७ सेकंद. किल्ली, बूट, रेनकोट दाराशीच होते. सोबतच्या दोघांना उठवलं आणि आम्ही गाडीत जाऊन बसलो. दहा-बारा मिनिटांत ते डोक्यावर आलं आणि तासभर कोसळलं. काचेतून चमकेच्या उजेडात तंबू तेवढा दिसायचा, ताठ उभा. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण अर्धा तास मोजून परत गेलो. मी मॅट सरकवली आणि तळावर हात ठेवला. कोरडा होता.